एक पेनी आणि बारा माणसं

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला, मेथडिस्टांच्या न्यू रूम या सभागृहात, 15 फेब्रुवारी 1742 रोजी जमलेली माणसं प्रार्थनेसाठी आलेली नव्हती. विषय कर्जाचा होता. तीन वर्षांपूर्वी, मे 1739 मध्ये, या वास्तूची पायाभरणी झाली होती. भिंती उभ्या राहिल्या, माणसं येऊ लागली, देणं मात्र फिटलं नव्हतं. एकानं सुचवलं की कर्ज फिटेपर्यंत प्रत्येक सभासदानं आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसऱ्यानं लगेच अडचण काढली, आपल्यातल्या कितीतरी जणांना तेवढंही झेपणार नाही. त्यावर एक गृहस्थ उठले. परंपरेनं त्यांचं नाव कॅप्टन फॉय असं चालत आलं आहे. त्यांचं म्हणणं असं होतं, की सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन. त्यांना जमलं तर त्यांच्याकडून घेईन, नाही जमलं तर त्यांच्या वाटचं माझ्या खिशातून भरीन. आणि तुम्ही प्रत्येकानंही असेच आपापल्या शेजारचे अकरा जण वाटून घ्या.

अकरा आणि एक मिळून बारा. त्या काळी बारा पेनींचा एक शिलिंग होत असे, म्हणजे एका गटाचा आठवड्याला एक शिलिंग. हिशेब ठेवायला सोपा. पण या प्रसंगातलं मला सर्वांत भावतं ते वेगळंच आहे. फॉय यांनी खात्रीनं पैसे देणारे अकरा जण मागितले नाहीत, न देऊ शकणारे मागितले.

पेनी गोळा करायला घरोघर फिरणाऱ्यांना पेनीबरोबर घरंही दिसू लागली. कोणी पिऊन पडलेला असे, कुठे नवरा-बायकोचं भांडण चाललेलं असे. रविवारी न्यू रूममध्ये स्वच्छ कपडे घालून बसणारा माणूस मंगळवारी स्वतःच्या चुलीपाशी कसा वागतो, हे वसुली करणाऱ्याला उंबऱ्यातूनच कळे. त्यांच्यापैकी एकानं ही हकिकत मेथडिस्टांचे पुढारी जॉन वेस्ली यांच्या कानावर घातली. वेस्लींनी नंतर लिहून ठेवलं आहे, की ते ऐकताक्षणी त्यांना उमगलं, इतके दिवस आपण शोधत होतो ते हेच. पुढच्याच महिन्यात, 25 मार्चला, त्यांनी लंडनमध्येही हीच व्यवस्था लावली. या बारा-बारांच्या गटांना ‘क्लास’ म्हणू लागले. शाळेतल्या वर्गाशी त्याचा संबंध नाही. लॅटिनमधल्या ‘विभाग’ या अर्थाच्या शब्दावरून तो आला. पुढची शंभरेक वर्षं मेथडिस्ट मंडळ्यांचा कणा म्हणजे हा क्लास. मोठमोठी मंदिरं, गाजलेले उपदेशक, जॉन यांचे भाऊ चार्ल्स वेस्ली यांची हजारो गीतं, हे सगळं त्याच्याभोवती वाढलं.

मी एका मराठी मंडळीत लहानाची मोठी झाले. ‘विश्वासात वाढा’ आणि ‘एकमेकांस उत्तेजन द्या’ ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांचा आवाज कानाला येईनासा झाला होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर एकत्र जमणं सोडू नका असंही सांगितलं आहे. आम्ही ते सोडलं नाही, जमतो. पण जमल्यावर नेमकं काय करायचं म्हणजे माणसाचा विश्वास खोल जातो? या प्रश्नाचं इतकं रोकडं, दिवस-वार ठरवून दिलेलं उत्तर मला या क्लासइतकं दुसरीकडे मिळालं नाही. म्हणून हा परिचय.

वेस्ली हे नाव आपल्याकडे चर्चच्या पाट्यांवर आणि शाळांच्या दारांवर दिसतं. माणूस मात्र फारसा माहीत नसतो. 1703 साली इंग्लंडमधल्या एपवर्थ गावी पाळकाच्या घरात त्यांचा जन्म झाला. आई सुझॅना यांची एकोणीस बाळंतपणं, त्यातली निम्मी मुलं दगावली. जगलेल्या मुलांपैकी प्रत्येकाला त्या आठवड्यातला एक वेळ नेमून देत आणि त्या वेळी फक्त त्याच्याशी, देवाबद्दल आणि त्याच्या मनाबद्दल बोलत. जॉनचा वार गुरुवार. 1712 च्या सुमारास नवरा कामानिमित्त लंडनला राहिला असताना सुझॅनाबाई रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांना आणि नोकरांना प्रवचनं वाचून दाखवत. शेजारी येऊ लागले. बघता बघता संख्या दोनशेच्या घरात गेली. तात्पुरत्या पाळकानं तक्रार केली, नवऱ्याचं नापसंतीचं पत्र आलं. बाईंनी उलट कळवलं, की बंद करायचं तर नुसती इच्छा सांगू नका, स्पष्ट आज्ञा द्या, म्हणजे ख्रिस्तापुढे जाब देताना ही जबाबदारी माझ्यावर राहणार नाही. आज्ञा आली नाही. क्लासचा जन्म ब्रिस्टलला झाला हे खरं, पण त्याचं बी मला त्या स्वयंपाकघरात दिसतं, विशेषतः त्या गुरुवारात.

वेस्ली ऑक्सफर्डला शिकले, दीक्षित पाळक झाले, जॉर्जियात मिशनरी म्हणून गेले आणि अपयश घेऊन परतले. जाताना जहाज वादळात सापडलं होतं. सगळे किंचाळत असताना मोरेव्हियन पंथाची जर्मन माणसं, बायकामुलांसह, शांतपणे गीत गात राहिली. आपल्यापाशी हे नाही, हे वेस्लींना तिथे कळलं. लोकांना विश्वास शिकवणाऱ्यालाच विश्वासाची भूक लागली होती. 24 मे 1738 च्या संध्याकाळी, पावणेनऊच्या सुमारास, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत कोणीतरी रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं, तेव्हा आपल्या अंतःकरणात अनोखी ऊब आल्याचं त्यांनी रोजनिशीत लिहिलं. हा प्रसंग सगळे सांगतात. वेस्ली तिथे फारशा मनानं गेले नव्हते, हे मात्र थोडे सांगतात. तेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या कोणीतरी चालवलेली छोटी बैठक होती म्हणून न जावंसं वाटत असतानाही जाणं झालं.

पुढच्या वर्षी ते ब्रिस्टलला उघड्यावर उपदेश करू लागले. किंग्जवूडचे कोळसा-कामगार हजारोंनी येत. अश्रू येत, पश्चात्ताप होई. आणि मग? आपल्याकडच्या संजीवन सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा ‘आणि मग’ ठाऊक आहे. मंडप उतरतो, खुर्च्या टेम्पोत चढतात, सोमवारी माणूस एकटा उरतो. 1763 साली वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरला गेले असता वेस्लींना दिसलं की वीस वर्षं तिथे उपदेश झाला होता, पण माणसं गटांत बांधली गेली नव्हती, आणि एकेकाळी जागे झालेले दहातले नऊ जण पुन्हा झोपी गेले होते. त्या दिवशीच्या नोंदीत त्यांनी फार कठोर शब्द वापरले आहेत. जागं करून सोडून देणं त्यांना मुलं जन्माला घालून खुन्याच्या हाती देण्यासारखं वाटलं.

आता क्लासचं काम कसं चाले ते.

सुरुवातीला क्लासचा प्रमुख, म्हणजे लीडर, घरोघर जाई. लवकरच अडचणी आल्या. बारा घरं फिरायला वेळ फार लागे. मोलकरणींच्या मालकांना आणि काही आईबापांना असं कोणी येऊन बोललेलं खपत नसे. एकानं दुसऱ्याबद्दल काही सांगितलं तर खरंखोटं करायला दोघं समोरासमोर नसत. मग ठरलं, की सर्वांनीच आठवड्यातून एकदा एका ठिकाणी जमायचं. जागा म्हणजे कोणाचं घर, कोणाचं दुकान, माळा, जे असेल ते. सुरुवात गीतानं आणि प्रार्थनेनं. मग लीडर आधी स्वतःबद्दल सांगे, आठवडा कसा गेला, कुठे पडलो, कुठे कृपा झाली. नंतर एकेकाला विचारे. 1743 साली वेस्लींनी छापलेल्या नियमांत लीडरचं काम स्पष्ट केलं आहे. प्रत्येकाला आठवड्यातून निदान एकदा भेटायचं, त्याच्या जिवाचं कसं चाललं आहे ते विचारायचं, आणि गरजेप्रमाणे सल्ला, कानउघाडणी, दिलासा किंवा उत्तेजन द्यायचं. गरिबांसाठी जे देता येईल ते घ्यायचं. मंडळीच्या कारभाऱ्यांना हिशेब द्यायचा.

जिवाचं कसं चाललं आहे, हा प्रश्न मराठीत नीट विचारता येत नाही असं मला बरीच वर्षं वाटे. ‘आत्म्याचं कुशल’ म्हटलं की व्यासपीठावरून बोलल्यासारखं होतं. ‘बरं आहे ना?’ म्हटलं की ‘बरं आहे’ असं उत्तर ठरलेलं. योहानाने गायसाला लिहिलेल्या छोट्या पत्रात तब्येतीची चौकशी आहे आणि तिच्याच शेजारी जिवाचीही. त्या काळच्या माणसाला दोन्ही एका श्वासात विचारता येत होतं.

क्लासमध्ये यायला काय लागे? सिद्धान्तांची परीक्षा नव्हती. पापापासून सुटण्याची इच्छा हवी, एवढीच अट. मला ही अट फार मोठी वाटते. विश्वास हवा असंसुद्धा ती म्हणत नाही, विश्वासाची ओढ पुरे म्हणते. आत आल्यावर मात्र ओढ खरी आहे हे वागण्यातून दिसायला हवं. वाईट करायचं नाही, होईल तितकं भलं करायचं, आणि उपासना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन, उपास यांना चिकटून राहायचं. तीन महिने उमेदवारीचे. मग छापील तिकीट मिळे. पत्त्याच्या पानाहून लहान कागद, त्यावर एखादं शास्त्रवचन आणि हातानं लिहिलेलं सभासदाचं नाव. तिकीट तीन महिन्यांपुरतंच. दर तिमाहीला वेस्ली किंवा त्यांचे सहकारी प्रत्येक क्लासला भेट देत, प्रत्येकाशी बोलत आणि नवं तिकीट देत. पुढच्या तिमाहीचं मिळालं नाही, तर अर्थ सगळ्यांना कळे. प्रीतिभोजनालाही हे तिकीट दाखवून आत जावं लागे. प्रीतिभोजनात पाव किंवा साधा केक आणि पाणी एवढंच असे, मुख्य भाग साक्षीचा. पुष्कळांनी ही तिकिटं आयुष्यभर जपली. इंग्लंडच्या मेथडिस्ट संग्रहांत ती आजही आहेत.

क्लासहून लहान आणि अधिक कडक असे ‘बँड’ हे गट आधीपासून होते. 1738 च्या नाताळात वेस्लींनी त्यांचे नियम लिहिले होते. पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या, विवाहित वेगळे, अविवाहित वेगळे. तिथे प्रश्न थेट असत. मागच्या भेटीपासून जाणूनबुजून कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली, आणि पाप आहे की नाही अशी शंका यावी असं काही मनात, बोलण्यात, वागण्यात आलं का. आधार याकोबाच्या पत्राचा, एकमेकांजवळ पापं कबूल करण्याचा. विरोधकांनी हा रोमन कबुलीजबाबच आहे असा आरोप केला. वेस्लींचं उत्तर साधं होतं, इथे याजक कोणी नाही, प्रत्येक जण प्रत्येकापाशी कबूल करतो. बँडमध्ये जायला विश्वासाची पक्की खूण लागे, म्हणून ते थोड्यांपुरते राहिले. क्लास मात्र सर्वांसाठी, आणि तिथे स्त्री-पुरुष, मालक-नोकर एकत्र बसत. खोदून विचारण्यापेक्षा ‘कसं चाललंय’ हाच तिथला सूर. मला वाटतं म्हणूनच तो टिकला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडे बचत गट आहेत. दहा-वीस बायका ठरल्या दिवशी जमतात, ठरलेली रक्कम काढतात. वही उघडते आणि वहीबरोबर तोंडंही उघडतात. कोणाचा नवरा पितो, कोणाच्या मुलीची शाळा सुटली. नुसतं ‘या, मन मोकळं करा’ म्हटलं असतं तर किती जणी आल्या असत्या? पैशाचं निमित्त माणसाला लाज न वाटता दारात आणतं. लंडनच्या फाउंड्रीत (तोफा ओतण्याचा जुना कारखाना, वेस्लींनी तो मंडळीसाठी घेतला होता) 1746 पासून कर्जाऊ रकमेचा एक छोटा निधीही होता. गरजूंना थोडी रक्कम मिळे, तीन महिन्यांत फेडायची. वर्ष-दीड वर्षात सुमारे 250 जणांना त्याचा उपयोग झाला. जेम्स लॅकिंग्टन या चांभाराला 1775 साली याच निधीतून पाच पौंड मिळाले, त्यावर त्यानं पुस्तकांचं दुकान वाढवलं आणि पुढे लंडनच्या सर्वांत मोठ्या पुस्तकविक्रेत्यांत त्याची गणना झाली. श्रीमंत झाल्यावर त्यानं आत्मचरित्रात मेथडिस्टांची यथेच्छ टर उडवली. म्हातारपणी त्याला त्याचा पस्तावा झाला, त्यानं दुसरं पुस्तक लिहून ते कबूल केलं आणि स्वतःच्या पैशानं चॅपल बांधून दिली.

वारकऱ्यांची दिंडीही आठवते. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांची नावं परंपरेनं जपली आहेत. एकट्या तुकोबांची भक्ती आपल्यापर्यंत पोहोचली त्यात टाळ धरून शेजारी उभ्या राहिलेल्यांचा वाटा आहे. फरक एक आहे. दिंडीत सूर एकत्र लागतो आणि त्या सुरात ज्याचा त्याचा आवाज मिसळून जातो. क्लासमध्ये सूर थांबवून एकेकाला बोलावं लागतं. गाणाऱ्यांच्या देशातून आलेल्या मला हे जड वाटतं, आणि त्याचं मोलही त्यामुळेच कळतं.

ज्यांना एरवी कोणी बोलू देत नसे, त्यांना क्लासनं बोलायला शिकवलं. लीडर होण्यासाठी विद्यापीठ नको होतं. असंख्य क्लास स्त्रियांनी चालवले. सारा क्रॉस्बी या लंडनच्या क्लास-लीडर 1761 च्या फेब्रुवारीत डर्बी गावी होत्या. क्लासला तीसेक जण येतील असं वाटत होतं, आले सुमारे दोनशे. दोनशे जणांना एकेक करून ‘तुझं कसं चाललं आहे’ विचारणं अशक्य. मग त्या उभ्या राहिल्या, गीत सांगितलं, प्रार्थना केली आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगितलं. नंतर त्यांना काळजी लागली, हा उपदेशच झाला की काय? स्त्रियांना उपदेशाची परवानगी नव्हती. वेस्लींनी उत्तर दिलं, की त्या मर्यादेबाहेर गेल्या नाहीत. लोकांना साधेपणानं सांगावं की मेथडिस्ट स्त्री-उपदेशक मान्य करीत नाहीत, आणि मग आपल्या हृदयात जे आहे ते बोलावं. पुढे वेस्लींनी काही स्त्रियांना उघड परवानगीही दिली. दार उघडलं ते एका साप्ताहिक चौकशीच्या बैठकीला माणसं जास्त आली म्हणून.

समुद्रापलीकडे अमेरिकेत रिचर्ड ॲलन हा गुलाम तरुण 1777 च्या सुमारास डेलावेअरमधल्या ज्या क्लासमध्ये सामील झाला, तो रानात भरे. पुढे त्यानं स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं आणि 1816 साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचा पहिला बिशप झाला. इंग्लंडमधल्या, हक्कांसाठी लढणाऱ्या चार्टिस्ट कामगारांनीही आठवड्याची पेनी आणि छोटे क्लास ही रचना उचलली. प्रार्थनेसाठी घडलेलं हत्यार हक्कांसाठीही चाललं.

मात्र 1743 च्या मार्चमधला न्यूकॅसलचा हिशेब वाचताना मी दर वेळी अडखळते. वेस्लींनी तिथल्या क्लासांना भेट देऊन 64 जणांना काढलं आणि कारणं मांडून ठेवली. शिव्याशाप 2, शब्बाथ मोडणं 2, दारुडेपणा 17, दारू विकणं 2, भांडखोरपणा 3, बायकोला मारणं 1, जाणूनबुजून खोटं बोलण्याची सवय 3, निंदानालस्ती 4, आळस 1, आणि उथळपणा व निष्काळजीपणा 29. सतरा दारुडे समजतात. पण ते शेवटचे एकोणतीस? ज्यांचं पाप नाव घेऊन सांगता येत नाही, ज्यांचं फक्त मन लागत नाही, त्यांनाच तर क्लासची सर्वांत जास्त गरज असणार. आणि बायकोला मारणारा अख्ख्या गावात एकच? नवरा-बायको एकाच क्लासमध्ये बसत असतील तर तिनं सांगायचं कुठे? हिशेब इतका स्वच्छ ठेवणाऱ्याला हे एकाकी ‘1’ खटकलं नसेल का, असं मला वाटत राहतं. कानउघाडणी करता करता दिलासा द्यायचा राहून जाणं, ही या व्यवस्थेची कायमची जोखीम होती.

1791 साली वेस्ली वारले तेव्हा ब्रिटनमध्ये मेथडिस्ट सभासदांची संख्या 70 हजारांच्या वर होती. क्लासला लागलेली ओहोटी पुढच्या शतकातली. बारांचे तीस झाले, चाळीस झाले. लीडर विचारायचं सोडून व्याख्यान देऊ लागला. साक्षी घोकलेल्या झाल्या, पंचवीस वर्षांपूर्वीच्या तारणाची तीच हकिकत दर आठवड्याला तशीच. सभासदांकडे पैसा आला, सुंदर चॅपल आली, आणि चांगल्या घरातल्या माणसानं स्वतःच्या मोहाबद्दल चारचौघांत बोलणं अप्रशस्त वाटू लागलं. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या मेथडिस्ट चर्चनं 1866 साली क्लासची सक्ती काढून टाकली. इंग्लंडमध्ये तिकीट राहिलं, वर्षाचं झालं. तिकिटामागची बैठक बहुतेक ठिकाणी विरत गेली.

ती विरत असतानाच तिचं एक रोप मुंबईत लागलं. विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट सुवार्तिक 1871 च्या अखेरीस मुंबईत आले. सभा झाल्या, काही माणसं बदलली. टेलर यांनी त्यांना सोडून दिलं नाही. घराघरांतून त्यांचे ‘फेलोशिप बँड’ बांधले, आणि इमारत नसताना, बाहेरून पगार येत नसताना, त्या घरगुती बैठकांतून पुढच्या वर्षी मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. त्यांना येऊन मिळालेल्यांत जॉर्ज बोवेन होते. 1848 साली अमेरिकन मराठी मिशनचे म्हणून मुंबईला आलेले, थोड्याच काळात मिशनचा पगार नाकारून साध्या वस्तीत राहिलेले, वर्षानुवर्षं रस्त्यावर उभं राहून सुवार्ता सांगणारे आणि ‘बॉम्बे गार्डियन’ चालवणारे हे गृहस्थ पन्नाशी उलटल्यावर, एवढ्या तपश्चर्येनंतर, पुन्हा एका छोट्या गटात बसायला आले. त्यांच्याबद्दल मला जे काही आवडतं त्यात हे पहिलं आहे.

1887 साली मुंबईला आलेल्या मिनी अब्राम्स या मेथडिस्ट सेविका काही वर्षांनी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दाखल झाल्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, वाँटेजला झालेला. तरी त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं, की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं लागली. दीक्षित पाळक असलेले वेस्ली ऑल्डर्सगेटला जे शोधत होते तेच हे. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी मुक्तीत रोजची खास प्रार्थना सुरू केली तेव्हा सत्तरएक जणी येत. जूनपर्यंत पाचशेच्या वर येऊ लागल्या. दुष्काळातून वाचलेल्या, विधवा, टाकलेल्या मुली एकमेकींसाठी नाव घेऊन प्रार्थना करत होत्या. आणि 1917 साली नारायण वामन टिळकांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचं एक कुटुंब म्हणून. टिळकांनी क्लासचा नमुना घेतला असं मी म्हणत नाही. ओढ असेल त्यानं आत यावं, हे दार मात्र दोन्हीकडे सारखं आहे.

आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. सतरंजी, शेजारून आणलेल्या खुर्च्या, पेटी, ‘उपासना संगीत’च्या पाच-सहा प्रती, शेवटी पोहे आणि चहा. गाणं होतं, वचन होतं, मग ‘प्रार्थनेचे विषय’ विचारतात. विषय ठरलेले. मुलाचा इंटरव्ह्यू, सासऱ्यांचं ऑपरेशन, फ्लॅटचा ताबा. हे खरे विषय आहेत, त्यांसाठी प्रार्थना व्हायलाच हवी. पण इतक्या वर्षांत ‘माझ्या जिवाचं बरं नाही’ असा विषय कोणी दिलेला मला आठवत नव्हता. मीही दिला नव्हता.

एका बुधवारी चाळिशीच्या आतबाहेरच्या एका दादांची पाळी आली. ते मान खाली घालून म्हणाले, “माझ्यासाठी नोकरीचं नको. मला प्रार्थनाच होत नाही. आठ महिने झाले.” खोलीत कोणी हललं नाही. पेटीवरच्या मुलानं घाईनं पानं उलटायला सुरुवात केली. आमच्यात एक मावशी आहेत, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, “थांब रे, गाणं नको आता.” मग दादांकडे वळल्या. “डोळे मिटलेस की काय होतं?”

दादा बराच वेळ बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. त्यांचं झाल्यावर मावशींनी सांगितलं, की त्यांचे यजमान गेले त्यानंतर दोन वर्षं त्या चर्चमध्ये नुसते ओठ हलवत बसल्या होत्या. आम्ही सगळे त्या दोन वर्षांत त्यांना मंडळीचा आधारस्तंभ म्हणत होतो. “तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी पोहे गार झाले.

पुढच्या बुधवारी आम्ही अकरा जण होतो. दादा आले होते. वचन झाल्यावर पाळकांनी सवयीप्रमाणे विषय विचारले, तर मावशींनी त्यांना आधी स्वतःचं सांगायला लावलं. आणि पाळकांनी सांगितलं, पहिल्यांदा अडखळत, मग सरळ. त्यानंतर मावशी एकेकाकडे वळत गेल्या. माझ्यापाशी आल्या. मी म्हटलं, “बरं आहे.”

मावशींनी मान पुढच्याकडे वळवली नाही. त्या तशाच बघत राहिल्या.